हो गया भिया, थँक्यू

आमच्या ग्रुपात शिव्या फारशा पडत नाहीत. सगळे इंदूरचे प्रोग्रामर. काही सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांतले, बरेचसे विजयनगरच्या लहानसहान ऑफिसांतले, आणि माझ्यासारखे काही घरी बसून परगावच्या गिऱ्हाइकांची कामं करणारे. कुणी कुणाला "गूगल करना नहीं आता क्या" म्हटलं की भडका उडतो, दोघंतिघं मध्ये पडतात, आणि तासाभरात सगळे आपापल्या एररकडे वळतात. मला खरा संताप येतो तो निराळ्याच मेसेजचा.

रात्री अकराला कुणीतरी विचारतो: सर्व्हर बदलल्यापासून डेटाबेसमधलं हिंदी-मराठी सगळं प्रश्नचिन्हं होऊन दिसतंय, सकाळी क्लायंटला दाखवायचंय. चार माणसं झोप बाजूला ठेवून कामाला लागतात. कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, काय आहे? टेबलाचा काय? डेटाबेस मायएसक्यूएल ना, कोणती आवृत्ती? डंप, म्हणजे डेटाची नक्कल, कशी घेतली होती? अधूनमधून "भिया, ये करके देखो" असे तुकडे पडत राहतात. प्रश्नकर्ता मध्येच गडप होतो. साडेबाराला उगवतो आणि लिहितो: "हो गया भिया, थँक्यू." पुढे जोडलेले हात. संपलं.

काय झालं? कशानं झालं? देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायची कारणं मुख्यतः दोन, आणि त्यांचे परिणाम अगदी उलटे. डेटाबेसशी बोलणारं कनेक्शन फक्त लॅटिन लिपी जाणत असेल तर वाचताना प्रश्नचिन्हं दिसतात, पण आतला मजकूर शाबूत असतो. एक सेटिंग बदललं की सगळं जागेवर. मात्र हाच घोटाळा लिहिताना झाला असेल तर टेबलात खरोखरच प्रश्नचिन्हं जाऊन बसलेली असतात. मग हजार सेटिंगं बदला, त्यातून ‘अहिल्याबाई’ परत निघत नाही. जुना बॅकअप शोधायला लागायचं. त्यातच आणखी एक खोडी आहे. मायएसक्यूएल ज्या कॅरॅक्टर सेटला नुसतं ‘यूटीएफ८’ म्हणत आलं, तो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचं अक्षर तीन बाइटांत मावतं, म्हणून आपल्याला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. एखाद्या उत्साही गिऱ्हाइकानं नावापुढे हसरा चेहरा टाकला की चौथा बाइट लागतो आणि गाडं अडतं. त्यासाठी २०१० साली ‘यूटीएफ८एमबी४’ असा वेगळा प्रकार द्यावा लागला.

आता सांगा, ‘हो गया’ यातल्या कशानं झालं? त्या चौघांना निदान अंदाज तरी असेल. पण पुढे कधीतरी हाच प्रश्न घेऊन दुसरा कुणी येईल, ग्रुपात शोध टाकेल, त्याला हे सगळं संभाषण सापडेल, तो धडधडत्या छातीनं खाली खाली येत जाईल, आणि शेवटी त्याच्या हाती काय? जोडलेले हात.

प्रोग्रामर मंडळींच्या चर्चांमधली शिस्त, तिथली भांडणं, तिथला तुसडेपणा यांबद्दल बरंच बोललं जातं. त्या सगळ्याकडे मी गेली काही वर्षं या तिसऱ्या माणसाच्या बाजूनं बघतो. विचारणारा पहिला, सांगणारा दुसरा. तिसरा त्या वेळी तिथे नसतोच. तो चार वर्षांनी येणार असतो, रात्री दोन वाजता, त्याच्या कंपनीची वेबसाइट बंद पडलेली असताना. आपल्या अंगी जी सभ्यता लहानपणापासून मुरवलेली असते ती समोरच्या दोघांपुरती असते. कसं काय, घरचे बरे ना, तुम्हाला त्रास दिला, क्षमा असावी, फार उपकार झाले. इंदुरात तर मनुहार, म्हणजे आग्रह, केल्याशिवाय पाण्याचा पेलाही कुणी पुढे करत नाही. ह्यात तिसऱ्याचं पान कुठेच मांडलेलं नसतं. उलट या चर्चांमधले जे नियम आपल्याला उर्मट वाटतात, ते बहुतेक त्याच्यासाठीच केलेले आहेत.

माझी भाची इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी ती रामबागेत आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. प्रोग्रामरांच्या एका मोठ्या जागतिक संकेतस्थळावर तिनं आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला होता. प्रश्न आपल्याकडच्या सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाचवीला पुजलेला: आयची किंमत ५ आणि प्लस प्लस म्हणजे ‘आधी एकानं वाढव’, तर प्लस प्लस आय अधिक प्लस प्लस आय बरोबर किती? वहीत सरांनी १३ लिहून दिलं होतं आणि लॅबमधल्या मशीननं १४ छापलं होतं. प्रश्नाच्या वर "रिस्पेक्टेड सर्स अँड मॅडम्स", मध्ये स्वतःची ओळख, गाव, कॉलेज, वर्ष, आणि खाली "काइंडली हेल्प, अर्जंट, थँक्स इन अ‍ॅडव्हान्स". बिचारीनं शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या नमुन्यात काही म्हणता काही कमी ठेवलं नव्हतं.

काही मिनिटंही झाली नाहीत तोच कुणीतरी तिचा मायना काढून टाकला, ओळख काढली, आभार काढले. एकानं विचारलं की ‘व्हॉइड मेन’ लिहायला कुणी शिकवलं. दुसरा म्हणाला, असला कोड कुठलाही शहाणा माणूस लिहितच नाही. आणखी एकानं सल्ला दिला, कॉलेजकडून फी परत माग. आणि मग ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे’ असा शिक्का मारून दार बंद.

"मामा, नमस्कारसुद्धा खोडला रे त्यांनी," ती म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. तिचाच कोड जीसीसी या कंपायलरवर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवला, १४ आलं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर चालवला, १३ आलं. वर त्यानं इशाराही छापला की आयला तुम्ही एकाच पदावलीत अनेकदा बदलताय आणि कुठला बदल आधी ते ठरलेलं नाही. ती बघतच राहिली. "म्हणजे बरोबर कोण?" दोघंही. खरं तर दोघंही नाहीत. सी भाषेचं प्रमाण १९८९ साली ठरलं तेव्हापासून त्यात सांगितलंय की असं लिहिलंत तर काय होईल याची हमी आम्ही देत नाही. मशीननं १३ छापावं, १४ छापावं, काहीच न छापता बंद पडावं. १९९२ मध्ये सी-वाल्यांच्या एका चर्चेत कुणीतरी लिहून गेलं होतं की अशा वेळी कंपायलरनं तुमच्या नाकातून भुतं उडवली तरी ते नियमाला धरूनच होईल. तेव्हापासून त्या जमातीत ‘नाकातली भुतं’ एवढं म्हटलं तरी पुरतं. जावा भाषेत मात्र हाच हिशेब डावीकडून उजवीकडे पक्का बांधलेला आहे आणि तिथे १३ च येतं. सरांच्या वहीतलं उत्तर बहुधा तिथून, किंवा नुसत्या कागदी हिशेबातून आलेलं असावं.

"आणि व्हॉइड मेनचं काय?" तेही त्यांचं खरंच होतं. साध्या, ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये मेननं, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागानं, पूर्णांक परत द्यावा असं प्रमाण सांगतं; व्हॉइड म्हणजे काहीच परत न देणं. पण आपल्या कॉलेजांतली एक पिढीच्या पिढी टर्बो सीच्या निळ्या खिडकीत वाढली. ते सॉफ्टवेअर बोरलँड कंपनीनं काढलं १९८७ साली, म्हणजे सीचं प्रमाण ठरायच्याही आधी. व्हॉइड मेन, वर कोनिओ डॉट एच, पडदा पुसायला क्लिअर स्क्रीन आणि शेवटी खिडकी मिटू नये म्हणून गेट-सीएच, ही आमची संध्या होती. टर्बो सी ज्यावर चालायचा ते डॉस गेलं, तर त्याची नक्कल करणारा डॉसबॉक्स टाकून त्यात आम्ही टर्बो सी चालवला. परदेशातल्या माणसाला त्या चार ओळी दिसल्या की प्रश्न न वाचताच कळतं, पोरगं कुठून आलंय. त्याला हसू येतं आणि रागही येतो, कारण हाच प्रश्न त्यानं पुन्हा पुन्हा बघितलेला असतो. पोरीला ते काय माहीत? तिनं तर आयुष्यात पहिल्यांदाच विचारलेला असतो.

शिक्क्याखाली आधीच्या प्रश्नाचा दुवा होता. तो तिनं उघडलाच नव्हता. रागावलेलं माणूस दुवा कशाला उघडेल? मी म्हटलं, उघड. तिथे कुणीतरी पानभर सविस्तर लिहिलेलं होतं: नियम काय, असा का ठेवला, कंपायलरला मोकळीक दिल्यानं कोड वेगवान कसा होतो, कुठल्या ओळी सुरक्षित, कुठल्या नाहीत. तिनं ते पुन्हा वरून वाचलं. मध्ये आईनं हाक मारली तरी उठली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे किती नीट लिहिलंय. कुणासाठी लिहिलं असेल एवढं?"

तुझ्यासाठीच. ज्यानं मूळ विचारलं होतं तो केव्हाच नोकरीला लागून आता बॉस झाला असेल. तिचा नमस्कार खोडणाऱ्यानंही तेच केलं होतं. पुढे येणाऱ्याला नमस्कार, गाव आणि व्हायव्हाची तारीख ओलांडून प्रश्नाशी पोचावं लागू नये, एवढाच त्याचा हेतू. दार बंद केलं तेही उत्तरं चार ठिकाणी विखरू नयेत म्हणून. हे सगळं मी तिला सांगितलं आणि तिला पटलंही असावं. पण ‘फी परत माग’ हे वाक्य कुणासाठी होतं? तिला त्याचा उपयोग नव्हता, पुढे येणाऱ्याला नव्हता. ते लिहिणाऱ्यानं स्वतःच्या करमणुकीसाठी लिहिलेलं होतं. चर्चेतलं कुठलं कठोर बोलणं खपवून घ्यायचं आणि कुठलं नाही, याचा निकाल मी असा लावतो. तेवढं पुरतं मला.

(व्हायव्हाला तोच प्रश्न आला. तिनं १३ सांगितलं आणि भीतभीत पुढे जोडलं की सीमध्ये हे ठरलेलं नाही. परीक्षक म्हणाले, "ठीक है, नेक्स्ट.")

नवख्यांवर चिडायची ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूझनेट या संगणकांवरच्या चर्चामंचाची कल्पना काढली, १९८० पासून ते लोकांना खुलं झालं, आणि विद्यापीठांतली संगणकवाली मंडळी तिथे विषयवार गप्पा मारू लागली. दर सप्टेंबरात नवी पोरं विद्यापीठात दाखल व्हायची, त्यांना खातं मिळायचं, आणि महिनाभर तिथे नुसता गोंधळ असायचा. जुनी मंडळी त्यांना दटावून, समजावून वळण लावायची. दिवाळीच्या सुमारास सगळं शांत. १९९३ नंतर मोठ्या व्यापारी सेवांनी आपल्या घरगुती ग्राहकांनाही ते दार उघडून दिलं, नवख्यांचा लोंढा थांबेनाच, आणि जुने लोक म्हणू लागले की हा सप्टेंबर काही संपायचा नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण झाडून सगळे त्या न संपलेल्या सप्टेंबरातले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘आरएफसी १८५५’ नावाचा एक दस्तऐवज निघाला, नेटवर वागावं कसं याबद्दलचा. इंटेलमधल्या सॅली हँब्रिज यांनी तो शब्दबद्ध केला होता. मी तो आमच्या ग्रुपात अधूनमधून टाकतो आणि कुणी वाचत नाही. एखाद्या चर्चेत तोंड उघडण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा, असं त्यात आहे. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिलीत तर ओरडल्यासारखं वाटतं, असं आहे. पलीकडचा माणूस वेगळ्या भाषेतला, वेगळ्या संस्कारांतला आहे आणि त्याचा विनोदही तुमच्यासारखा नाही, हे ध्यानात ठेवायला सांगितलंय. आणि माझं आवडतं कलम: उत्तर भावनेच्या भरात लिहिलं असेल तर पाठवण्याआधी रात्र जाऊ द्या. ज्या गावात सराफ्यातली खवय्यांची गर्दी मध्यरात्रीनंतर भरात येते, तिथे रात्र जाऊ देणं म्हणजे काय, हा प्रश्न वेगळा.

पण भांडणंच होऊ नयेत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कधीकधी भांडणच तिसऱ्याला सगळ्यात जास्त देऊन जातं. २९ जानेवारी १९९२ ला अँड्र्यू टॅननबॉम यांनी मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चेत एक पत्र टाकलं, मथळा असा की लिनक्स कालबाह्य आहे. टॅननबॉम अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक, ऑपरेटिंग सिस्टिमवरची त्यांची पुस्तकं जगभर लागलेली, मिनिक्स त्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेलं. लिनक्स लिहिणारा लिनस टॉरव्हाल्ड्स हेलसिंकीतला बावीस वर्षांचा विद्यार्थी. आधीच्या ऑगस्टात त्यानं त्याच चर्चेत सांगितलं होतं की मी हौस म्हणून एक लहानशी सिस्टिम लिहितोय, काही मोठी वगैरे व्हायची नाही. प्राध्यापकांचे मुद्दे दोन. सगळं काही एकाच मोठ्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, कोंबणं म्हणजे सत्तरच्या दशकात मागे जाणं. शहाणे लोक आता मायक्रोकर्नलकडे वळलेत, जिथे गाभा लहान आणि बाकीची कामं बाहेर वेगवेगळ्या प्रक्रियांत. आणि इंटेलच्या ३८६ चिपला इतकं घट्ट बांधून घेणं चूक, कारण ती चिप काही कायम राहायची नाही.

पोरगं पेटलं. त्यानं त्याच दिवशी उत्तर दिलं, आणि ते वाचताना आजही कान गरम होतात. तुमचं मिनिक्स मल्टिटास्किंगमध्ये कुठे कुठे लंगडतं, ते फुकट का नाही, प्राध्यापकी हा काय कारण म्हणून सांगायचा मुद्दा झाला, सगळं काढलं. मग लगेच पुन्हा लिहून कबूल केलं की भरात आपण पायरी सोडली, आणि माफी मागितली. प्राध्यापकही कमी नव्हते. माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, अशा रचनेला मी चांगले मार्क दिले नसते, असं त्यांनी सुनावलं. पण या धुमश्चक्रीत प्रत्येक पत्रात तांत्रिक ऐवज होता. मेमरी कशी हाताळायची, फाइल सिस्टिम एका वेळी अनेकांचं काम का अडवते, एका चिपवरून दुसरीवर नेणं म्हणजे नेमकं काय बदलणं. बाकीचे वाचकही मध्ये पडले ते मुद्दे घेऊनच.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: लिनक्स ३८६ सोडून बाकीच्या चिपांवरही गेलं, आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. तरी प्राध्यापक हरले असंही म्हणता येत नाही. २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या चिपसंचांत आत लपलेली जी व्यवस्थापन यंत्रणा असते, ती मिनिक्सवर चालते. ते संभाषण आजही जसंच्या तसं वाचायला मिळतं. ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या पोरांना मी ते वाचायला लावतो, आणि तिथली चिडचिड त्यांना आवडतेच, पण त्या चिडचिडीच्या नादानं ती मायक्रोकर्नल म्हणजे काय ते शिकून बसतात.

यावरून कुणी असं ठरवू नये की तिखट बोलल्यानंच चांगलं सॉफ्टवेअर निघतं. हा समज प्रोग्रामर मंडळींत बराच पसरलेला आहे, आणि त्याला लिनसच जबाबदार. पुढची कित्येक वर्षं तो लिनक्सच्या चर्चांमध्ये चुकलेल्या माणसाला जाहीरपणे फाडून खात असे, आणि आमच्याकडचे काही ‘सीनियर’ त्याची ती पत्रं पाठ करून ज्युनियरांवर वापरत. फक्त त्याची अक्कल वापरत नसत. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसनं स्वतःच लिहिलं की माझं वागणं चुकत आलं, मला मदत घ्यायला हवी, आणि तो काही आठवडे बाजूला झाला. त्याच सुमारास लिनक्सनं लेखी आचारसंहिता स्वीकारली. ऑक्टोबरात तो परत आला. कर्नलच्या आवृत्त्या त्यानंतरही वेळच्या वेळी निघताहेत. आमच्या सीनियरांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

रामबागेतल्या ओट्यावर आमच्या वडिलांची पिढी भांडायची तेव्हा आवाज चढला की आतून चहा यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कोण काय बोललं होतं याची नोंद कुठेच नसायची. लिहिलेल्या भांडणात ना चहा येतो ना विसर पडतो. चेहराही दिसत नाही. म्हणून तर १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सुचवलं की थट्टा असेल तर अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकावा. मान वाकडी करून बघितलं की हसरा चेहरा. संगणकवाल्यांना विनोद कळत नाहीत म्हणून केलेली ती सोय आता आजी लोक नातवंडांना पाठवतात.

बाकी काही भांडणं मात्र तिसऱ्यासाठी निव्वळ कचरा. ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस, महिरपी कंस त्याच ओळीवर की खालच्या, कोड लिहायला व्हीआय की ईमॅक्स. १ एप्रिल १९८० ला डॅनी कोहेन यांनी संख्येतले बाइट पाठवताना मोठ्या टोकाकडून सुरुवात करावी की लहान, या धर्मयुद्धावर एक लेख लिहिला होता. सार एवढंच की दोन्हींत फरक नगण्य आहे, म्हणूनच कुठलंही एक निवडा, पण सगळे मिळून एकच निवडा. ‘गो’ ही प्रोग्रामिंगची भाषा करणाऱ्यांनी हे मनावर घेतलं. भाषेबरोबरच गोएफएमटी नावाचं अवजार दिलं, जे तुमचा कोड परस्पर एका साच्यात बसवतं. टॅब की काय ते त्यानं ठरवून टाकलंय, वाद घालायला जागाच नाही. त्याचा साचा मला स्वतःला आवडत नाही. पण त्या भाषेच्या चर्चांमध्ये टॅब-स्पेसवरून भांडण क्वचितच दिसतं.

आता हे सगळं लिहायचं कारण. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आमच्या ग्रुपातले प्रश्न हळूहळू ओसरले. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या जगड्व्याळ ठिकाणीही तेच. तिथे तर डिसेंबरातच यंत्रानं लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घालावी लागली, कारण ती दिसायला देखणी आणि बऱ्याचदा चुकीची. भाची आता कुणा माणसाला विचारायच्या फंदात पडत नाही. "ते ओरडत नाही रे मामा," म्हणते. नमस्कार खोडत नाही, व्हॉइड मेन लिहिलं तरी गोड बोलून दुरुस्त करतं, एकच गोष्ट दहादा विचारली तरी कंटाळत नाही. तिला मी काय म्हणून अडवू? तिला जे मिळायला हवं होतं आणि माणसांनी दिलं नाही, ते हे यंत्र देतंय. ते शिकलं मात्र याच चर्चांवरून. त्या तिरसट मंडळींनी पानपानभर लिहून ठेवलं, चुका काढल्या, चुका काढणाऱ्यांच्या चुका काढल्या, ते सगळं त्याच्या पोटात आहे. आणि भाचीचं आजचं संभाषण तिच्या खात्यात बंद. तिनं मोठ्या कष्टानं शोधलेली एखादी खाचखळग्यांची वाट, ‘हे करून बघितलं, ते चाललं नाही, अखेर असं चाललं’, ती ना शेजारच्या पोराला सापडणार ना चार वर्षांनी येणाऱ्याला. इथे ‘हो गया भिया’ म्हणायलासुद्धा कुणी उरत नाही.

म्हणून परवा ग्रुपात मी दोन नियम मांडले. एक: स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला फोटो टाकायचा नाही, कोड अक्षरांत टाकायचा, ट्यूबलाइटच्या उजेडातून आणि पडद्यावरच्या लाटांमधून अर्धविराम शोधण्यात आमचे डोळे गेले, आणि फोटोतला मजकूर शोधात सापडतही नाही. दोन: ज्याचं काम झालं, मग ते ग्रुपामुळे होवो, यंत्रामुळे होवो की नवसानं, त्यानं कसं झालं ते त्याच प्रश्नाखाली लिहायचं. मला वाटलं होतं गदारोळ होईल. पाच मिनिटांत दोन्ही मंजूर झाले, अंगठेच अंगठे. एकानं जाता जाता सुचवलं की नवे नियम आले आहेत तर ग्रुपचा फोटोही बदलू या.

पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ मध्ये एका समितीची गोष्ट लिहून ठेवली आहे. एक कोटी पौंडांची अणुभट्टी ती अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास घालवते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. १९९९ साली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चेत एका फुटकळ बदलावरून रण माजलं तेव्हा पॉल-हेनिंग कँप यांनी त्या शेडची सगळ्यांना आठवण करून दिली, आणि प्रोग्रामर लोकांच्या तोंडी ती कायमची बसली.

आमच्याकडे राजवाडा-पक्ष आणि पोहे-जिलबी-पक्ष असे दोन तट पडले आहेत. राजवाड्याचा फोटो दिवसाचा की रोषणाईचा, यावर पहिल्या पक्षात फूट आहे. दुसऱ्या पक्षाचं पोह्यांवर एकमत आहे, पण शेव वरून टाकलेली असावी की बाजूला, हे ठरेना. एरवी वर्षभर तोंड न उघडणारे सभासद बोलू लागले आहेत. एकानं मतदानासाठी छोटं अ‍ॅप लिहिलं, त्यात कुणीतरी दोनदा मत देता येतं असं दाखवून दिलं, ती चूक आज दुपारी दुरुस्त झाली. कशी, ते त्यानं खाली नीट लिहिलंय.